सुंभ बांधून टपालठाणे सर केले त्याची हकीकत

शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरी, माघ मासी, जपान मुलुखात, तोक्यो राजधानीचे पूर्वेस, फुनाबोरी कसब्यात जे घडले ते जसेचे तसे लिहून ठेवावे, काही लपवू नये आणि काही वाढवू नये, ऐशी आज्ञा चिरंजीव सौभाग्यवती मैत्रेयीबाई यांची जाहली. आज्ञेचे कारण हे की आधीची एक आज्ञा मोडली गेली होती. म्हणोन बाईंचे तीर्थरूप उल्हासपंत पुणेकर, वय वर्षे अडुसष्ट, यांनी बर्फाचे मैदानी जी मोहीम केली ती येथे नमूद केली आहे. ज्याचे पाय घसरले त्यानेच लिहिले, सबब साक्ष मातबर आहे.

मोहिमेचे मूळ ऐसे. पंतांचे कुटुंब कुमुदिनीबाई, माहेर गुहागर, यांनी दसरा होऊन चार दिवसांनी पुण्याहून मुलीस एक पार्सल रवाना केले. आत गोडा मसाला, भाजणी आणि मेतकूट, सर्व स्वहस्ते भाजलेले. पार्सल मांजरपाटात शिवले, वर शाईने पत्ता घातला, आणि विमानाने पाठवण्याइतकी घाई कोणास आहे, ऐसे म्हणोन समुद्रमार्गे लावून दिले. मग कार्तिक मासी बाई दोन दिवसांचे तापाने कैलासवासी जाहल्या. पार्सल तेव्हा समुद्रात होते. मग पौष मासी मुलीने पंतांस जपानात आणिले, कारण पंत पुण्यात पातेल्यातच जेवत होते आणि दिवा न लावता बसत होते. पार्सलाची आशा तोवर सर्वांनी सोडिली होती.

जपानात पंतांस काही काम नव्हते. मैत्रेयीबाई तोयोसु येथे संगणकाचे कचेरीत जात, आणि जावई क्षितिजराव कामानिमित्त ओसाकास छावणी करून होते. मग पंतांनी आपण होऊन घरचे कचऱ्याचा कारभार हाती घेतला. त्या मुलुखात कचरा हे मोठे राजकारण आहे. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, रद्दी वेगळी, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. पंतांनी एका महिन्यात ऐसा बंदोबस्त केला की पेटीत पडलेली जाहिरात घरात येण्याआधीच रद्दीत जाई. याच बंदोबस्ताने घात केला.

माघ शुद्ध पंचमीस, आपल्याकडे जी वसंतपंचमी, त्या दिवशी फुनाबोरीवर बर्फ पडला. पाहता पाहता मोटारी बुडाल्या, आगगाड्या खोळंबल्या, आणि कोंबिनी नामे जी चोवीस तासांची दुकाने तेथील बुटास लावावयाचे खिळ्यांचे रबर पहिल्या तासात खपले. दुसरे दिवशी ऊन पडले, बर्फ अर्धा वितळला, रात्री गोठला, आणि सप्तमीचे सकाळी तमाम रस्ते चकचकीत जाहले. आपल्याकडे रथसप्तमी होती. सूर्याने त्या दिवशी फुनाबोरीकडे पाठ केली होती.

त्या दिवशी दुपारी अडीच वाजता पंत दुसऱ्या दिवशीची रद्दी बांधीत असता पिझ्झाचे जाहिरातीतून एक चिठ्ठी खाली पडली. टपालवाला येऊन गेला, घरी कोणी नव्हते, पार्सल ठाण्यात ठेविले आहे, ऐशा मजकुराची ती चिठ्ठी. मजकूर जपानी, तो पंतांस वाचता येईना. परंतु तारीख वाचता आली. चोवीस जानेवारी, पाच वाजेपर्यंत. ती तारीख आजचीच. आणि पाठवणाराचे नावाचे जागी टपालवाल्याने इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर सुटे करून, कुमुदिनी ऐसे लिहिले होते.

सात दिवस ठाण्यात ठेवावे आणि मग आल्या वाटेने परत धाडावे, ऐसा तेथील शिरस्ता. परत म्हणजे पुण्यास. पुण्यास दारास कुलूप, आणि पाठवणाराचे नावाने हाक मारिली तर ओ देणारे कोणी नाही. सात दिवस ही चिठ्ठी पंतांनी स्वतःचे हाताने रद्दीत दाबून ठेविली होती.

पंतांनी मुलीस फोन लाविला. परंतु चिठ्ठीवरील नाव सांगावयास जीभ रेटेना, कारण मग ती इतके दिवस कोठे होती हेही सांगावे लागते. म्हणोन टपालाची चिठ्ठी आहे आणि आज शेवटला दिवस आहे, एवढेच सांगितले.

"क्षितिजने काहीतरी मागवलं असेल," मैत्रेयीबाई बोलिल्या. "परत गेलं तर जाऊ दे. बाबा, ऐका. खाली आहे तो बर्फ नाहीये, काच आहे काच. सकाळी मी दोनदा पडता पडता वाचले. मला साडेपाचच्या आत निघता येत नाही. तुम्ही दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

"कळलं," पंत बोलिले.

कळले म्हणजे मान्य जाहले ऐसे नव्हे, हे पंत त्रेचाळीस वर्षांचे संसारात शिकले होते.

मग शस्त्रागाराची मोजदाद जाहली. पायात घालावयास पुण्याचे काळे बूट, ज्यांचे तळवे झिजून पाटासारखे जाहले होते. जावयाचे बर्फाचे बूट जावयाबरोबर ओसाकास. खिळ्यांचे रबर सर्व कसब्यात शिल्लक नाही. राहिला एक सुंभ. विमानतळावर बॅगेची चेन तुटते, ऐसा पंतांचा समज, म्हणोन त्यांनी पुण्याहून निघताना बॅगेस काथ्याचा सुंभ सात गाठी मारून आवळिला होता. तो कपाटामागे पडून होता.

सुंभ दिसला आणि पंतांस लग्नानंतरचा पहिला श्रावण आठवला. गुहागरास सासुरवाडीचे मागील अंगणात चिऱ्यांवर हिरवे शेवाळ धरिले होते, आणि विहिरीवर जाताना बायामाणसे चपलांस सुंभ गुंडाळीत. पंतांनी ते पाहून हे अडाणी काम आहे ऐसा अभिप्राय दिला, आणि चौथे पावली तमाम सासुरवाडीसमक्ष उताणे पडले. कुमुदिनीबाई दोन हातांत दोन कळश्या घेऊन त्यांच्यावरून पुढे गेल्या आणि जाताना बोलिल्या, "पुणेकरांना सपाट रस्त्यावरच चालता येतं वाटतं." हे वाक्य पुढे त्रेचाळीस वर्षे दर श्रावणात आहेरासारखे मिळत राहिले. पंत मात्र सुंभ बांधणे कधी शिकले नाहीत.

तरी आठवणीवर भिस्त ठेवून पंतांनी सुंभ कापून दोन केले, दाराशी बसून दोन्ही बुटांस तीन तीन वेढे दिले आणि गाठी मारिल्या. गाठ कोठे मारावी हे कधी पाहिले नव्हते, म्हणोन ती दिसू नये ऐशी तळव्याखाली मारिली. तीन वाजून वीस मिनिटांनी, खिशात चिठ्ठी आणि पासपोर्ट घेऊन, खासा स्वारी निघाली.

इमारतीचा जिना बाहेरून, लोखंडी, आणि तीन मजल्यांचा. वरचा मजला फत्ते जाहला. दुसऱ्या मजल्याचे तिसरे पायरीवर उजवी गाठ वाटाण्यासारखी तळव्याखाली फिरली, आणि पंतांनी बैठक मारिली. उठू पाहिले, तो डावी गाठ फिरली. मग ज्या आसनावर होते त्याच आसनावर, पायरीमागून पायरी, दाणदाण आवाज करीत स्वारी तळमजल्यास पोचली. हाड शाबूत राहिले. अब्रूचे सांगता येत नाही, कारण तळमजल्याचे दारात चियो-सान उभ्या होत्या.

या चियो-सान म्हणजे ब्याऐंशी वर्षांच्या बाई, उत्तरेकडील इवाते प्रांतीच्या. सात वर्षांमागे मोठा भूकंप जाहला आणि समुद्र गावात शिरला तेव्हा त्यांचे घर गेले. मग मुलाने त्यांस येथे आणिले. त्यांचे आणि पंतांचे आजवर दळणवळण एवढेच की कचऱ्याचे जागी भेट होई आणि उभयतां वाकत. आज तमाम शेजारी केराचे सुपल्यांनी बर्फ खरवडीत होते, परंतु चियो-सान यांचे हाती उत्तरेकडील अस्सल फावडे होते. त्यांनी फावडे भिंतीस टेकविले, पंतांचा बूट उचलून तळवा पाहिला, आणि गाठ दिसताच मोठ्याने बोलिल्या, "दामे, दामे, दामे." हा शब्द पंतांस ठाऊक होता. कचरा चुकला की हाच शब्द येई.

मग वाटाघाटी जाहल्या. पंतांनी चिठ्ठी दाखविली आणि घड्याळावर पाच हा आकडा दाखविला. चियो-सान यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचिली. मग पाठवणाराचे नावावर बोट ठेवून त्यांनी पंतांकडे पाहिले. पंतांपाशी जपानी शब्द दहाबारा, त्यांत बायको हा शब्द होता, गेली हा शब्द नव्हता. त्यांनी बायको म्हटले आणि हात वर आभाळाकडे केला. चियो-सान यांनी चिठ्ठी परत पंतांचे हाती दिली. पायरीवर पुठ्ठा टाकून पंतांस बसविले, आणि स्वतः बर्फात गुडघे टेकून सुंभ सोडू लागल्या.

उत्तरेकडे हे काम भाताचे पेंढ्याच्या दोरीने करितात. काथ्याचा सुंभ त्यांनी आधी दोन बोटांत चोळिला, नाकाशी नेला, आणि पसंत केला. मग बांधणी ऐशी केली. सुंभाचा मध्य बोटांमागचे उंचवट्याखाली धरावा, दोन्ही टोके वर आणून फुलीसारखी एकावर एक टाकावी, मग टाचेमागून फिरवून परत तळव्याखालून घ्यावी, आणि गाठ वर, घोट्यापुढे, जेथे डोळ्यांस दिसेल तेथे. गाठ एकच, ओढली की सुटणारी. पंतांस एका गाठीचा भरवसा वाटेना. चियो-सान दुसरे पायाकडे वळताच त्यांनी पहिल्यावर गुपचूप आणखी सहा मारिल्या. दुसऱ्या पायाची गाठ नजरेसमोर होती म्हणोन वाचली.

काम जाहल्यावर पंतांचे ध्यानी आले की वयाने वडील बाईने आपल्या पायांस हात लाविला. हा अधर्म तात्काळ फेडावा म्हणोन त्यांनी पुढे वाकून चियो-सान यांचे पायांस हात लाविला. तो चियो-सान किंचाळल्या, कारण त्यांस वाटले हे पुन्हा पडले. मग दोन्ही बाजूंनी पुष्कळ वेळ वाकावाकी होऊन तह पूर्ण जाहला.

शेवटी चियो-सान यांनी चाल शिकविली. गुडघे किंचित मोडून, पाऊल आखूड, तळवा सगळा एकदम टेकावा, हात पंखासारखे बाजूस. "पेंग्विन," त्या बोलिल्या, आणि अंगणात चार पावले चालून दाखविली. मग पंत चालले. सुंभाने बर्फास दात लाविले. चार पावले, मग आठ. "योशी," चियो-सान बोलिल्या, म्हणजे ठीक, आता जा.

चार वाजून पाच मिनिटांनी दुसरे कूच जाहले. इमारतीचे सावलीतील गल्लीत ऊन दोन दिवस पोचले नव्हते, तेथे आरशावर चालावे तसे चालणे जाहले, परंतु सुंभ करकर वाजे आणि धरी. मग शिनकावा कालव्यावरील कमानी पूल आला. मोहिमेतला हा खरा गनीम. खालून वारा, वर उघडे आभाळ, आणि कमान बर्फाने घासून पुसून ठेविल्यासारखी. समोरून काळा कोट आणि काळी बॅग घेतलेला एक कचेरीचा गृहस्थ येत होता. त्याचा पाय निसटला आणि तो पंतांचे पुढ्यातून बसून घसरत गेला. जाताना त्याने पंतांची माफी मागितली. मग कठड्याचीही मागितली. पंतांनी त्यास हात देऊन उठविले, आणि त्याने पंतांचे पायांकडे ऐशा नजरेने पाहिले, जैशी नजर पुणेकरांस गुहागरात लाभली नव्हती. "बघितलंस का," पंत बोलिले. कोणास बोलिले ते त्यांचे त्यांस ठाऊक. कठडा धरून चढ चढले, उतारास आडवे होऊन उतरले, आणि चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी टपालठाण्याचे दाराशी निशाण पोचले.

आता पुढे जी चूक जाहली ती कोणी शत्रूने केली नाही. काचेचे दारातून आत पाहिले, तो फरशी स्वच्छ, नुकती पुसलेली. पंतांस जपानात आल्यापासून जे हुकूम मिळाले त्यांतील निम्मे बुटांचे होते. घरात बूट काढा, डॉक्टरांकडे बूट काढा, देवळात काढा, क्षितिजरावांचे साहेबांकडे जेवायला गेलात तेथेही काढा. आणि आपले पायांस तर बर्फ आणि चिखल लागलेला सुंभ. मग पंतांनी ठरविले की या मुलुखाची रीत मोडून बायकोचे पार्सल आणू नये. ते दाराशी ओट्यावर बसले आणि सुंभ सोडू लागले.

डाव्या पायाची गाठ चियो-सान यांची, ती ओढताच सुटली. उजव्यावर पंतांच्या सहा, आणि सर्व गोठून दगड जाहल्या. बोटांनी जाईना. किल्लीने उकरले, जाईना. दातांनी सोडावी तर अडुसष्टाव्या वर्षी दात गाठीपर्यंत पोचेनात. बूटच उपसावा तर घोट्यास फास. त्यात दार आपोआप उघडणारे. पंत पुढे वाकले की दार उघडे आणि आतील लोकांस वारा लागे, मागे झाले की मिटे. चार बावन्न. दार उघडले. चार त्रेपन्न. मिटले. आत एक बाई खिडकीवरील फलक आवरू लागली. पंतांस वाटले, समुद्र ओलांडून आलेले पार्सल आता या सहा गाठींपाशी बुडते. त्यांनी किल्ली मुठीत धरिली आणि गाठीवर जोराने मारू लागले.

मग दार उघडले आणि मिटले नाही. तोंडावर मास्क लावलेली एक तरुण कारकून बाई बाहेर येऊन वाकून पाहत होती. ती पुष्कळ बोलली. पंतांनी आपला एक मोजा, एक गाठ आणि स्वच्छ फरशी यांकडे हात करून मराठीत सांगितले की एवढी एक सुटली की आलोच. तेव्हा तिने हळूच आत बोट केले. आत पाच माणसे रांगेत उभी होती. पाचांचे पायांत बूट होते. तिच्याही पायांत बूट होते.

त्या दिवशी दोन मजले घसरून जी शरम वाटली नाही ती येथे वाटली. मग एका पायात सुंभबंद बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, ऐसे थपक आणि टप करीत उल्हासपंत ठाण्यात दाखल जाहले. चार वाजून सत्तावन्न मिनिटे.

बाईने पार्सल आणिले. मांजरपाट काळवंडला होता, परंतु टाका एक सुटला नव्हता. पत्त्यावर नाव मैत्रेयीबाईंचे, आणि समोर हे गृहस्थ. तुम्ही कोण, ऐसा रास्त सवाल जाहला. पंतांनी पासपोर्ट उघडून शेवटले पान दाखविले, जेथे हिंदुस्थानचे सरकार पत्नीचे नाव छापिते. ते नाव अद्याप तेथेच होते. बाईने बोट पासपोर्टावर ठेविले, मग मांजरपाटावर ठेविले, आणि एकेक अक्षर ताडून पाहिले. सगळी जुळली. तरी ज्याचे नावे पार्सल त्याची संमती हवी, म्हणोन तिने फोनाची खूण केली. पंतांनी फोन लाविला.

"मैत्रेयी, मी टपालात आहे."

पलीकडून काही येण्याआधीच पंतांनी पुढले सांगून टाकिले.

"पार्सल क्षितिजचं नाही. आईचं आहे. चिठ्ठी मीच रद्दीत टाकली होती, सात दिवस झाले. आज सापडली. या बाईंना हो म्हण."

मग आवाज आला, तो बारीक होता. "फोन द्या त्यांना." ती जपानीत काही बोलली, कारकून बाई होकार देत वाकत राहिली, आणि फोन परत आला. मग आज्ञा जाहली. "जिथे आहात तिथून हलायचं नाही. मी निघाले. साहेब गेला उडत."

सहा वाजता मैत्रेयीबाई आल्या. ठाणे बंद होते, आणि पंत बाहेर वळचणीखाली बाकावर पार्सल मांडीवर घेऊन बसले होते, मोज्याचे पायास कारकून बाईने दिलेली एक सपात होती. बाईंचे पायात कचेरीचे गुळगुळीत जोडे. त्यांचा तोफखाना दहा हातांवरून सुरू जाहला आणि तिसऱ्या गोळ्यास त्या स्वतःच घसरल्या. मग पंतांनी डावा बूट घातला, डावा सुंभ मुलीचे डाव्या जोड्यास बांधिला, मध्य उंचवट्याखाली, फुली वर, गाठ एकच. उजवा सुंभ पंतांचे पायातून सुटणार नव्हताच. ऐसे दोघांत दोन सुंभ वाटून, हातात हात गुंतवून, पार्सल मध्ये धरून पुलावर चढाई केली. तोफखाना अखंड चालू होता. पडला असतात तर? फोन का नाही केलात नीट? कोणी शिकवलं हे दोरीचं? पुलाचे माथ्यावर तो थांबला.

"पत्ता तिनेच लिहिलाय?"

"हो. दोनदा गिरवलाय. शाई पुसेल म्हणून."

त्यापुढे घरापर्यंत सुंभाचाच आवाज होता.

घरी टाके कात्रीने न कापता एकेक उसवून पार्सल उघडले. मैत्रेयीबाईंनी आमटी टाकिली, मसाल्याचा डबा उघडिला, आणि वास घरभर जाहला. मग चमचा अर्धा भरिला, आणि त्यातीलही थोडा परत डब्यात झटकला.

"पुरवून वापरायला हवा, बाबा. अर्धा अर्धा चमचा घातला तर दोन वर्षं जाईल."

पंतांनी त्या दिवशी हुकूम पुष्कळ ऐकिले होते. दिला हा एकच. "शीग लावून घाल. ती अर्धा चमचा घालायची का कधी?"

"संपेल मग."

"संपू दे. आमटीसारखी आमटी होऊ दे."

चमचा शिगोशीग पडला.

येणेप्रमाणे माघ शुद्ध सप्तमी, बुधवार, संध्याकाळी आठ वाजता, फुनाबोरी मुक्कामी फत्ते जाहली ती रुजू केली. आपले बाजूचे नुकसान: एक मोजा, एक बूट जो सुंभासह कापावा लागला, आणि बैठकीची दुखापत, जी तीन दिवस राहिली. गनिमाचे बाजूचे नुकसान काही नाही, बर्फ पुढे आठवडाभर तेथेच होता. एक वाटी आमटी चियो-सान यांस पोचती केली. त्यांचे डोळ्यांस पाणी आले, ते तिखटाने, आणि वाटी रिकामी परत आली. घरी खासा स्वारीने ताटात वाढून घेतले आणि भात दोनदा मागून घेतला, कार्तिकापासून प्रथमच. ही मोहिमेची कमाई.